मास्तरांचं लायसन्स

माझ्या भाऊजींनी, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांनी, अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवली. उरलेल्या अर्ध्या शहराला गाडी येतच नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. चौतीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी भाऊजी म्हणतो. मास्तर म्हणायचा हक्क मी फार पूर्वी गमावला. शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी मी गाडी बंद न करताच खाली उतरलो आणि गाडी माझ्याशिवाय पुढे गेली. त्या संध्याकाळी भाऊजी ताईला म्हणाले, "तुझा भाऊ चालायला जन्मलाय. त्याला चालू दे."

माझं काही अडलं नाही. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचो आणि ते काम पायीच करायचं होतं. लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून कंबर गेली, डोळे मात्र शाबूत राहिले.

भाऊजींचे जिवलग मित्र म्हणजे चष्मेवाले. त्यांचं दुकान ड्रायव्हिंग स्कूलच्या शेजारीच होतं. ज्याला रस्ता दिसत नाही त्याला भाऊजी चष्मेवाल्यांकडे पाठवायचे, आणि ज्याला नवा चष्मा लागून दुनिया दिसायला लागली त्याला चष्मेवाले गाडी शिकायला पाठवायचे. असा तो परस्परांच्या सोयीचा कारभार. स्कूल बंद झालं, दुकान चष्मेवाल्यांच्या मुलीकडे गेलं, पण दुकानातलं बाकडं काही सुटलं नाही. रोज संध्याकाळी पाच ते सात आम्ही तिघं त्या बाकड्यावर. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, आणि आमच्या गप्पा. गप्पा म्हणजे काय, भाऊजी बोलायचे, चष्मेवाले खोडून काढायचे आणि मी चहा सांगायचो. दर रविवारी सकाळी भाऊजी आम्हाला त्यांच्या जुन्या गाडीतून नदीकाठी न्यायचे. पुढे ते दोघं, मागे मी. मला मागे लवकर झोप लागते.

मग एक दिवस गाडी घराच्या गेटला घासली. भाऊजींचं म्हणणं, खांब पुढे आला होता. माझा भाचा शांत डोक्याचा आहे. त्यानं खांब मोजला नाही, वाद घातला नाही. तो म्हणाला, "बाबा, लायसन्स संपत आलंय. चष्मेवाल्या काकांनी तुमचे डोळे तपासून ठीक आहेत असं लिहून दिलं, तर नव्या लायसन्सचा फॉर्म मी स्वतः भरतो. नाही दिलं तर गाडी विकायची."

चष्मेवाल्यांचंच नाव घ्यायला कारण होतं. त्यांनी जन्मात कुणाला खोटा नंबर दिला नव्हता. सख्ख्या सासऱ्यांना सुद्धा तोंडावर सांगितलं होतं की तुम्हाला दिसत नाही, मुलगी नीट बघून दिलीत हे माझं नशीब.

भाऊजी त्या रात्री जेवले नाहीत, असं ताईनं मला फोनवर सांगितलं. गाडी गेली तर भाऊजींचं काय राहणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. निवृत्त झाल्यापासून त्या माणसाला घरात कुणी काही विचारत नव्हतं. भाजी कुठली आणायची हे सूनबाई ठरवायची, टीव्हीवर काय लावायचं हे नातवंडं. त्यांचा शब्द चालायचा तो फक्त त्या गाडीत.

तपासणी शुक्रवारी ठरली. चष्मेवाल्यांची मुलगी डोळे तपासण्याचं रीतसर शिकलेली, दुकानातली सगळी तपासणी तीच करायची. पण चष्मेवाले तिला म्हणाले, "हा माझा माणूस आहे. याला नेहमी मीच तपासतो. तू बिलं कर." ती आतल्या खोलीत गेली.

भाऊजी खुर्चीवर ताठ बसले. चष्मेवाल्यांनी त्यांचा एक डोळा झाकला आणि हातातली छडी तक्त्याच्या पहिल्या ओळीवर ठेवली. निदान ठेवायचा प्रयत्न केला.

"वाच."

"ग," भाऊजी खणखणीत आवाजात म्हणाले.

"बरोबर. पुढची ओळ."

"त. प."

"बरोबर."

मी बाकड्यावरून तक्त्याकडे बघितलं, आणि मला घाम फुटला. तक्त्यावर ग नव्हता. त नव्हता, प तर अजिबातच नव्हता. तक्त्यावर एकही अक्षर नव्हतं. सगळे आकडे होते. मुलीनं चार दिवसांपूर्वी जुना तक्ता काढून नवा लावला होता. मी तो पहिल्याच दिवशी बघितला होता, पण तक्ता काय, बदलतात लोक, त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून गप्प बसलो होतो.

भाऊजी वाचत राहिले. इतकी वर्षं रोज संध्याकाळी समोर बसून तो जुना तक्ता त्यांना तोंडपाठ झाला होता. र, न, म झालं. क, स, ल, ट झालं. चष्मेवाले प्रत्येक ओळीला मान डोलवत होते, कारण त्यांनाही तो तेवढाच पाठ होता. शेवटची ओळ, जी डोळसांनाही धड वाचता येत नाही, ती तर भाऊजींनी अशा झोकात म्हटली की चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला.

"वा, मास्तर! तिशीतल्या पोराचे डोळे आहेत तुझे."

मी बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. माझा स्वभावच तसा आहे, मीटरवर दिसेल ते लिहून घ्यायचं आणि निघायचं. तेवढ्यात मुलगी आतून बाहेर आली. तिनं बहुधा सगळं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तक्त्यावर आकडे आहेत."

चष्मेवाल्यांनी तक्त्याजवळ जाऊन नाक टेकवलं. भाऊजी खुर्चीवरून उठले आणि तेही गेले. दोघं शेजारी शेजारी, भिंतीला नाक लावून उभे. मग एकदम वळले.

"म्हणजे तुला दिसत नाही?" चष्मेवाले ओरडले.

"तुला दिसत नाही!" भाऊजी त्याहून मोठ्यानं. "आणि गेल्या वर्षी हा चष्मा तूच दिलास ना मला? वर्षभर डोकं ठणकतंय माझं! मी म्हटलं, मैत्रीत एवढं चालायचंच!"

"आणि तू दर रविवारी मला गाडीत घालून पुलावरून नेत होतास! शेजारी बसून मी निर्धास्त, म्हटलं मास्तर आहे!"

"मी पण निर्धास्त होतो! म्हटलं, शेजारी चष्मेवाला आहे, काही आडवं आलं तर सांगेल!"

हे ऐकून मी, उठलेला होतो तो, बाकड्यावर पुन्हा बसलो. दोन वर्षं दर रविवारी त्या गाडीत तीन माणसं होती, त्यातला दिसणारा मी एकटाच, आणि मी झोपलेला असायचो.

"खोटारडा," चष्मेवाले म्हणाले.

"तू खोटारडा," भाऊजी म्हणाले, आणि निघून गेले. जाताना दाराची पायरी चुकली, पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर दहा दिवस त्यांचं बोलणं बंद. चाळीस वर्षांच्या दोस्तीत असं कधी झालं नव्हतं. मी पाच ते सहा बाकड्यावर बसायचो आणि सहा ते सात ताईकडे. इकडे चष्मेवाले विचारायचे, "काही म्हणतोय का तो?" तिकडे भाऊजी विचारायचे, "माझं नाव काढलं का त्यानं?" दोघांनाही मी सांगायचो, नाही. ते ऐकून दोघंही रागावायचे.

दोघांनाही मोतीबिंदू झाला होता. त्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नव्हतं. ऑपरेशन केलं की दिसायला लागतं, हे चष्मेवाल्यांनी उभ्या आयुष्यात निदान हजार लोकांना सांगितलं असेल. "डास चावल्यासारखं वाटतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण स्वतःचं ऑपरेशन ते तीन वर्षं टाळत होते. उन्हाळा आहे, थंडी आहे, मुलगी दुकानात एकटी पडेल. खरं कारण मला ताईनं सांगितलं. ताईला कुठून कळलं विचारू नका, तिला सगळं कळतं. "दोघंही घाबरट आहेत," ती म्हणाली. "हे सुईच्या भीतीनं कान टोचायला सुद्धा पोराला माझ्याबरोबर पाठवायचे आणि स्वतः बाहेर गाडी पुसत बसायचे."

अकराव्या दिवशी चष्मेवाले बाकड्यावर नव्हते. मुलगी म्हणाली, "बाबा दवाखान्यात गेलेत. उद्या ऑपरेशन. स्वतःहून तारीख घेतली. म्हणाले, मी केल्याशिवाय तो गाढव करायचा नाही, आणि त्यानं केलं नाही तर त्याची गाडी जाईल."

मी हे वाक्य गाढवासकट भाऊजींना जाऊन सांगितलं. भाऊजींनी आत जाऊन उद्यासाठी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाले एका डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर बसले होते. भाऊजी शेजारच्या स्टुलावर बसले. दहा दिवसांचा अबोला कुठून सोडावा हे दोघांनाही समजेना.

"दुखलं का?" शेवटी भाऊजींनी विचारलं.

"छे. डास चावल्यासारखं."

"खरं सांग."

चष्मेवाल्यांनी दाराकडे बघून मुलगी नाही याची खात्री करून घेतली. "खरं सांगू? मी डॉक्टरांचा हात घट्ट धरून ठेवला होता. ते म्हणाले, काका, सोडा, त्याच हातानं ऑपरेशन करायचंय."

भाऊजी हसले. इतके हसले की नर्सनं येऊन दटावलं. मग ते हसतच म्हणाले, "मला फार भीती वाटते रे." बेचाळीस वर्षं मी या माणसाला ओळखतो, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला इतकं भरून आलं की मी उगाच पाणी आणायला बाहेर गेलो.

भाऊजींचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं, एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं नंतर. त्यांनीही डॉक्टरांचा हात धरला. चष्मेवाले शेजारी उभं राहून "सोड, मास्तर, सोड" म्हणायला आत जाऊ पाहत होते, त्यांना बाहेर काढावं लागलं. मग मुलीनं रीतसर तपासून लिहून दिलं. भाच्यानं कबूल केल्याप्रमाणे फॉर्म भरला, आणि नवं कोरं लायसन्स घरी आलं. भाऊजींनी ते सगळ्यांना दाखवलं. दूधवाल्याला दोनदा दाखवलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं पुन्हा निघालो. या वेळी मी ठरवलं होतं, झोपायचं नाही. भाऊजींनी आरसा नीट केला, पट्टा लावला, हॉर्न दिला आणि गाडी गेटमधून बाहेर काढली. खांबाला तसूभरही न लागता काढली. चष्मेवाले म्हणाले, "शाब्बास!"

गाडी वीसेक पावलं गेली असेल. गल्लीतला सायकल दुरुस्तीवाला उठला आणि त्यानं स्टूल, पंप, पाण्याचं घमेलं, सगळं भराभर दुकानात ओढलं. पलीकडे भाजी निवडत बसलेल्या दोघी सूप उचलून पायरीवर चढल्या. एक आजीबाई दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायच्या बेतात होत्या, त्या तशाच मागे सरल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

भाऊजींनी गाडी हळू केली. "काय झालं? कुणी येतंय का?" त्यांनी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. "मग हे सगळे असे का उभे आहेत?"

चष्मेवाले खिडकीबाहेर बघत राहिले. मलाही गप्प बसता आलं असतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमची गाडी निघाली की गल्ली अशीच उभी राहते. दोन वर्षं झाली. तेवढ्यात मला झोप लागलेली नसते."

"मला कधी दिसलं नाही."

"हो."

नव्या डोळ्यांनी भाऊजींना आता सगळं दिसत होतं. त्या आजीबाईंच्या हातातली पिशवी दिसत होती आणि पिशवी थरथरत होती तेही दिसत होतं. मग त्यांनी शिकवायचे तसं, क्रमानं, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली. किल्ली काढून ते खाली उतरले आणि आजीबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"जा तुम्ही, आजी."

"नको, मास्तर. आधी तुम्ही जा."

"मी नाही जाणार."

आजीबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी वाकून गाडीत बघितलं, ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नाही ना, आणि मगच रस्त्यावर पाय टाकला. त्या पलीकडे पोचेपर्यंत भाऊजी रस्त्याच्या मधोमध उभे होते.

नंतर आम्ही तिघांनी ढकलून गाडी परत गेटात आणली. गाडी सुरू करायला भाऊजी तयार होईनात. ताई अंगणात उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. भाऊजींनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"दिसलं का?" ताईनं विचारलं.

"दिसलं," भाऊजी म्हणाले.