निषेधमामा आणि मोठं पातेलं

चहाचा पहिला घोट घेतला की आमचे मामा तोंड वाकडं करून म्हणायचे, “निषेध.” चहा गोड झाला तरी निषेध, फिका झाला तरी निषेध. मामी कप उचलायला हात पुढं करायची आणि मामा तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचे. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत सगळे त्यांना निषेधमामाच म्हणत. माझ्या लग्नात त्यांनी हुंडा, बँड आणि माझा सूट या तिन्हींचा निषेध केला होता. हुंडा आम्ही घेतलाच नव्हता. सुटाबद्दल मात्र त्यांचं बरोबर होतं, हे फोटो बघितल्यावर पटतं.

मामा साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या मानानं साखर किती निघाली, त्याला कारखान्यात उतारा म्हणतात. मामांनी ही मोजपट्टी साऱ्या जगाला लावली होती. कॉलेजात असताना मी तावातावानं काहीतरी बोलायचो, ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि शांतपणे विचारायचे, “ऊस लई आणलास. उतारा किती?” माझ्यातून आजवर चिपाडच जास्त निघालं, त्यामुळं तो प्रश्न अजून झोंबतो.

तरुणपणी त्यांनी मित्रांना घेऊन एक विचार मंडळ काढलं होतं. जन्मानं कुणी लहानमोठा नाही, आणि आपल्याला न पटणाऱ्याचंही ऐकून घ्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षातून एकदा सहभोजन, सगळ्या जातींची माणसं एका पंगतीला. त्या काळी त्यालाही छाती लागायची. पहिल्या सहभोजनाहून मामा घरी आले तर आजीनं त्यांचं ताट बाहेर कट्ट्यावर वाढलं. मामा रोज तिथंच बसून जेवायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायचे, “या पावणं, जेवायला.” दोघेतिघे खरोखरच येऊन बसले, तेव्हा आजीनं ताट मुकाट्यानं आत घेतलं.

पुढं मंडळातले लोक प्राध्यापक झाले, वकील झाले, बंगल्यांत राहायला गेले. सहभोजन एसी हॉलमध्ये गेलं. तीच डोकी, तोच केटरर, तेच पनीर. कोल्हापुरात माणसाला जेवायला बोलावून पनीर वाढायचं, याचा निषेध मीसुद्धा केलेला आहे. बाकी वर्षभर मंडळ ठराव करायचं. ज्या पोरांशी बोलायला हवं होतं ती पोरं कधीच दुसऱ्यांच्या मिरवणुकीत नाचायला गेली होती, आणि आमचे लोक त्यांना अडाणी ठरवून ढेकर देत होते. बघून मला किळस यायची. पण काय करणार, हातात प्लेट असायची.

एका वर्षी जेवणाआधी बाहेरच्या विद्वानांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता, ‘उदारमतवाद अस्ताला चालला आहे काय?’ चालला आहे, असं त्यांचं मत पडलं. मोबाइल, शिक्षण, जनता, सगळ्यांचा दोष निघाला. समोर बसलेल्यांचा तेवढा निघाला नाही. टाळ्या थांबल्यावर मामा उठले. “साहेब, आम्हाला कुणी मारलेलं न्हाय. आम्ही बसून बसून मेलोय.”

“मामांचा स्वभावच तसा आहे,” अध्यक्ष हसत म्हणाले.

तेवढ्यात मागून सुमनताई उठल्या. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या त्या, मंडळात पहिल्यापासून. मंडळात उरलेलं बौद्ध घर त्यांचं एकटीचंच. त्या मामांना म्हणाल्या, “दादा, इतकी वर्षं तुम्ही मला जेवायला बोलावताय. माझ्या घरात तुमच्यातलं कोण जेवलंय?”

मामांचा चेहरा उतरला. पुढचं सहभोजन सुमनताईंच्या घरी, असा ठराव त्यांनी तिथंच मांडला. तो एकमतानं मंजूर झाला.

ठरलेल्या रविवारी सुमनताईंनी मोठं पातेलं चढवलं होतं. मटण, तांबडा-पांढरा रस्सा. वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. मंडळातून आले एकटे मामा, आणि मटणाच्या ओढीनं मी. बाकीच्यांचे फोन आले. एकाचं पथ्य, एकाच्या घरी अचानक पाहुणे. अध्यक्ष म्हणाले, “निघालोच होतो हो, पण तिथं गाडी लावायला जागा नाही म्हणे.”

मामांनी फोन ठेवला आणि दारात जाऊन थुंकले. “ह्यांची जात न्हाय गेली. फक्त लाज गेली. आधी तोंडावर न्हाय म्हणायचे, आता ठराव करून न्हाय म्हणतात.”

“ते ऱ्हाऊ दे,” सुमनताई म्हणाल्या. “वहिनी कुठं हायत?”

मामा दारातून आत वळले. म्हणाले, “तिला विचारायचंच ऱ्हायलं.”

“मग दादा, तुमचा आणि अध्यक्षांचा उतारा सारखाच की.”

असल्या वेळी मी ताटात बघतो. सुमनताईंनी मात्र पातेलं झाकलं नाही. गल्लीला हाक घातली. शेजारपाजारचे आले, तालमीतली पोरं आली. मामांच्या शेजारी जो पैलवान बसला तो नेमका त्या पक्षाचा, ज्याचा मंडळ दर महिन्याला निषेध करायचं. “मामा, तुमचं मला एक अक्षर पटत न्हाय,” तो रस्सा ओरपत म्हणाला. “बस की मग, जेवण हुईपर्यंत भांडू,” मामा म्हणाले. दोघं ताट वाळेपर्यंत भांडले.

दुसऱ्या दिवशी मामांनी चहा घेतला, पण निषेध म्हणाले नाहीत. मामीला म्हणाले, “काल तू यायला पायजे होतंस.”

“मंडळात मला चहा करायला बोलावलंत,” मामी म्हणाली. “बोलायला कधी बोलावलंत?”

पुढच्या रविवारी ती दोघं चालत सुमनताईंच्या घरी गेली. मग दर रविवारी. मामीच्या पिशवीत भाकरी असायच्या. भांडायला पैलवान असायचा. मंडळाच्या अहवालात छापून आलं, ‘वस्तीतील सहभोजन उत्साहात संपन्न.’ मामांनी त्या दिवशी राजीनामा दिला.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. शोकसभा त्याच एसी हॉलमध्ये झाली. ज्यांना गाडी लावायला जागा मिळाली नव्हती ते मामांच्या धडाडीवर बोलले. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं, की मामांच्या स्मरणार्थ याच हॉलमध्ये भव्य सहभोजन होईल.

मागच्या रांगेत माझ्या आणि सुमनताईंच्या मध्ये बसलेली मामी उभी राहिली. उभ्या जन्मात तिला मी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं.

“जेवण हिच्याकडं हाय, रविवारी. ह्यांनी ठरवलेलंच हाय ते. तुम्हाला यायचं आसंल तर गाड्या हितंच ठेवा. चालत या.”

अध्यक्षांनी लगेच माइक ओढला, वहिनींच्या भावनांचा आदर म्हणून चालत जाण्याचा ठराव मांडला आणि एकमतानं मंजूर झाल्याचं सांगितलं. टाळ्या वाजल्या. सवयीनं मीही वाजवल्या.

मामी खाली बसली. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “उतारा किती रे?”