एक जूनची माणसं

मोठ्या माणसाला तोंडावर नाव विचारायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच मुरलेलं होतं. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. वीस वर्षं त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं, पण त्यांचं नाव काय ते मला आजही माहीत नाही. काकू म्हणजे काकू. या एका सवयीपायी लीड्समध्ये माझं रेडिओग्राफीचं शिक्षण दुसऱ्याच वर्षी आटोपायची वेळ आली होती.

नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही तिकडे गेलो, तेव्हा माझ्याकडे फिजिक्सची पदवी होती आणि लग्नानंतर तिच्यावर धूळ साचली होती. मुलगी शाळेत जायला लागली आणि दिवसभर घरात बसून मला वेड लागायची पाळी आली. एक्स-रे काढायला शिकवणाऱ्या कोर्सची जाहिरात लायब्ररीत दिसली, आणि चौतिसाव्या वर्षी मी एकोणीस वर्षांच्या पोरींशेजारी बाकावर जाऊन बसले. काही आठवडे कॉलेज, काही आठवडे हॉस्पिटल, अशी तीन वर्षं. थिअरीत मी कोणाला ऐकायची नाही. मनगटातली आठही हाडं मला पाढ्यांसारखी पाठ होती.

हॉस्पिटलमध्ये माझ्यावर देखरेख करणारी बाई यॉर्कशरची होती. साठीकडे झुकलेली, ठेंगणी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सगळ्या जगाला ती ‘लव्ह’ म्हणायची आणि झाडायची तेही त्याच शब्दानं. तिचा एक नियम होता. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं तीन गोष्टी सांगायच्या: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता. आपण वाचून दाखवायचं नाही. तिन्ही कागदाशी जुळल्या तरच मशीनला हात लावायचा.

दुसऱ्या वर्षाच्या असेसमेंटला माझ्या हातात छातीच्या एक्स-रेचा कागद आला. त्यावर आपल्याकडचं नाव होतं. बाहेर खुर्चीवर आपल्याकडचेच एक आजोबा गाऊन घालून बसले होते, मफलर मात्र काढला नव्हता. माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना पोलिसासारखं ‘नाव सांगा, तारीख सांगा’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी वाकून, हळू आवाजात, हिंदीतून कागदावरचं नाव वाचलं आणि विचारलं, तुम्हीच ना काका? त्यांनी हसून मान हलवली. जन्मतारीख वाचली, मान हलवली. पत्ता वाचला, पुन्हा तेच. मी त्यांना आत नेलं, मफलर काढून घेतला, हनुवटी वर करून उभं केलं, खांदे पुढे वळवले. काचेमागे येऊन बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात बाईनं माझं मनगट धरलं.

ती पुढे गेली आणि त्यांना म्हणाली, “तुमचं नाव सांगता का मला?” त्यांनी सांगितलेलं नाव भलतंच होतं. ते गुडघ्यासाठी आले होते. छातीवाले गृहस्थ टॉयलेटला गेले होते. मग मान का हलवलीत, असं मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, “बेटी, तू इतक्या प्रेमानं बोलत होतीस, नाही कसं म्हणू?”

मी नापास झाले. आणखी एकच संधी होती. तीही गेली तर कोर्समधून नाव कमी, आणि पहिल्यापासून सुरुवात करायचं माझं वय नव्हतं. शिशाचे एप्रन टांगलेल्या खोलीत जाऊन मी रडले. बाई चहा घेऊन आली. मी तिला सांगितलं, आमच्यात मोठ्यांना असं नाव विचारणं उद्धटपणाचं वाटतं. ती म्हणाली, “गाऊन घातलेला माणूस कशालाही मान हलवतो, लव्ह. त्याला वाटतं, हिला सगळं माहीत असणार. तुला काहीही माहीत नाही. म्हणून विचारायचं.”

मला तिचा रागच आला. ही कोण मला माझ्या माणसांबद्दल शिकवणार? पण बसनं घरी पोहोचेपर्यंत राग उतरला, कारण तिचं बरोबर होतं.

मग घरात तालीम सुरू झाली. संध्याकाळी नवरा किचनच्या दाराला पाठ लावून पेशंट म्हणून उभा राहायचा. “नाव सांगा, जन्मतारीख सांगा, पत्ता सांगा.” तो म्हणायचा, “लग्नाला दहा वर्षं झाली आणि आता पत्ता विचारतेस होय?” पण नेमानं उभा राहायचा. मुद्दाम तारीख चुकवायचा, मी पकडते का बघायला. मला हसू यायचं, आणि मग मध्येच डोळ्यांत पाणी, कारण दिवसभर काम करून दमून आलेला हा माणूस खोकल्याची नक्कल करत होता, ती निव्वळ माझ्यासाठी. मुलगी मागून ओरडायची, “आई, आता माझी छाती.” तिलाही उभं करायचं.

रविवारी फोनकार्ड खरवडून पुण्याला फोन केला की आईवरही तोच प्रयोग. “आई, जन्मतारीख सांग.” ती पटकन म्हणाली, “एक जून.” मला माहीतच होतं. दर वर्षी एक जूनला तिला पहिला फोन माझा असायचा, लग्नाआधी केक मीच आणायची. “जुळलं,” मी म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

दुसऱ्या असेसमेंटच्या दिवशी बाईबरोबर कॉलेजचे परीक्षकही आले होते. उंच, अबोल, हातात क्लिपबोर्ड. कागद मनगटाच्या एक्स-रेचा. मी बाहेर आले. समोर नऊवारीवर जाड स्वेटर घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. ओल्या पानांवरून घसरून पडल्या होत्या; डावा हात त्यांनी उजव्या हातात तान्ह्या बाळासारखा धरला होता. मुलगा त्यांना सोडून गाडी लावायला गेला होता. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

“आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“अगोबाई, मराठी का तू?” त्यांचा चेहरा उजळला. “नाव कागदावर आहे की.”

“कागदावरचं नको, तुमच्या तोंडून हवं.”

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, पण सांगितलं. जुळलं. घराचा नंबर, रस्ता, मुलानं पाठ करून घेतलेला पत्ता त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा घडाघडा म्हटला. तोही जुळला. मग मी जन्मतारीख विचारली.

“नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म माझा,” आजी म्हणाल्या.

कागदावर एक जून होती.

मराठी माणसाला यात काही सांगायला नको. आपल्याकडे त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनचीच. शाळा जूनमध्ये उघडायची, बापाला तारीख आठवायची नाही, गुरुजी एक जून लिहून मोकळे. मला सगळं उमगलं होतं. नुसतं ‘बरोबर, आजी’ म्हटलं असतं तर दोघा परीक्षकांना पत्ताही लागला नसता, कारण बोलणं मराठीत चाललं होतं. आजींचं मनगट सुजून टम्म झालं होतं. पण ते मफलरवाले आजोबाही मला असेच ‘उमगले’ होते. मी वळले आणि इंग्रजीत सांगितलं, “जन्मतारीख जुळत नाही. मी थांबते आहे.”

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. बाईचा चेहरा कोरा. मी रिसेप्शनला जाऊन आजींच्या मुलाला निरोप द्यायला सांगितलं. तो पार्किंगला जागा शोधत फिरत होता. वीस मिनिटं गेली. आजींच्या कोपराखाली मी उशी दिली आणि शेजारी बसले.

“अगं, हात ठणकतोय माझा,” आजी करवादल्या, “आणि तू पंचांग काय काढून बसलीस?”

“आजी, चुकून दुसऱ्याच बाईचा कागद माझ्या हातात असला तर?”

“दुसरी कोण येणार आहे इथे नऊवारीत?”

मी त्यांची उशी जरा वर सरकवली. मला मनातून वाटत होतं की सगळं संपलं, म्हातारीला ताटकळत ठेवलं म्हणून हे लोक मला घरी पाठवणार. नवऱ्याला काय सांगू, रोज दाराला टेकून उभा राहिला बिचारा.

मुलगा धापा टाकत आला. त्याच्याकडे हॉस्पिटलचं जुनं पत्र होतं, त्यावरचा पेशंट नंबर आमच्या कागदाशी जुळला. तारीख गुरुजींनी घातलेली आहे, हे त्यानंच परीक्षकांना समजावलं. मी त्याच्याकडून हा एक्स-रे आधी कुठे झालेला नाही ना, तेही विचारून घेतलं आणि मग आजींना आत नेलं. हिरव्या बांगड्या साबण लावून काढल्या; एक पाटली मात्र सुजेवरून उतरेना, ती कोपराकडे सरकवून चिकटपट्टीनं धरली. डाव्या बाजूची शिशाची खूण प्लेटवर ठेवली. बोटं जराशी मुडपून हात प्लेटवर टेकवला तेव्हा आजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “इथे आल्यापासून मला कोणी विचारलंच नव्हतं गं, मी कधी जन्मले ते. सगळे कागदावरूनच वाचतात.”

हाड मोडलं होतं, पण जागेवरून हललं नव्हतं. फोटो सुंदर आला होता, हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

नंतर कॉरिडॉरमध्ये बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “दुखऱ्या हाताच्या एका म्हातारीला तू वीस मिनिटं थांबवून ठेवलंस, लव्ह,” ती म्हणाली. मी मान खाली घातली. “आता तुझ्या हातात मी माझ्या आईलाही देईन.” मी पास झाले होते.

घरी आले तेव्हा तिकडे पुण्यात रात्र झाली होती. कोट न काढता मी फोन लावला. पास झाल्याचं आईला सांगितलं, आजींचंही सांगितलं, आणि सांगता सांगताच माझी जीभ अडखळली.

“आई, तुझा वाढदिवस नक्की कधी?”

“एक जूनला करतेस की तू फोन.”

“ती शाळेतली तारीख आहे का?”

ती म्हणाली, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले मी. आदल्या दिवशीची आपट्याची पानं तशीच दारात पडली होती म्हणे.”

“मग एवढ्या वर्षांत सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस. आणि इतक्या हौसेनं केक आणायचीस, फोन करायचीस. म्हटलं, कशाला मोडता घालायचा?”

मला इतक्या वर्षांची लाज एकदम वाटली. “बाबांना तरी माहीत आहे का?”

“पत्रिकेत होतं. पत्रिका तुझ्या आजोबांनी बघितली, बाबांनी कुठे?” ती हसली. “फोन ठेव आता, कार्ड संपेल तुझं.”

पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलीला शाळेत सोडायच्या आधी, मी पुण्याला फोन लावला. बाबांनी उचलला.

“बरं झालं तू केलास,” ते आवाज दाबून म्हणाले. “ही सकाळपासून नवी साडी नेसून फोनपाशी बसली आहे. काय आहे आज?”

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्हीच विचारा ना तिला. मी थांबते फोनवर.”