शंभरातले चव्वेचाळीस

"पदर पुढं घे."

मी घेतला. सुपरवायझरनं प्लास्टिकचा मग्गा माझ्या छातीवर उलटा केला.

"हलू नको. उकळते का पाहू दे."

वणी रोडवरच्या आमच्या चुनाभट्टीच्या गेटवर रोज संध्याकाळी साडेपाचला हा खेळ रंगायचा. आम्ही अकरा बाया, एका ओळीत. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, वाफ सोडतो. म्हणून ही तपासणी. जिच्या लुगड्यात चुना लपवलेला असेल, तिथून वाफ निघेल.

वाफ कधीच निघाली नाही. निघायची ती आमची साल. चुन्याची धूळ दिवसभर अंगावर बसलेली असायची. ती ओली झाली की गळ्याखाली, पोटावर भाजायची. सुपरवायझर मात्र ओल्या लुगड्याकडं निवांत पाहत राहायचा. चुना शोधत होता म्हणे. त्याचे ते डोळे आठवले की आजही माझ्या तोंडात थुंकी जमते.

हा नियम शेठचा. एकदा त्यानं आम्हा सगळ्यांना ऑफिससमोर उभं केलं आणि विचारलं, "दहा टन चुनखडी भट्टीत गेली. चुना निघाला पावणेसहा टन. बाकी सव्वाचार टन कुठं गेला? तुमच्या ओटीत?"

सव्वाचार टन! अकरा ओट्यांत! म्हणजे एकेकीच्या ओटीत जवळजवळ चार क्विंटल. माझा देह पाहता संशय माझ्यावरच जास्त असावा. तेव्हाच पोट धरून हसायला हवं होतं.

मी हसले नाही. मी ते खरं मानलं. दगड आत जातो, चुना बाहेर येतो, मधलं वजन कुठं तरी जातंच ना? कोणी तरी नेतच असणार. मी शेवंताच्या ओटीकडं पाहायला लागले. शेवंता तांड्यावरची, माझ्याच वयाची. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. तिचं पोट जरा पुढं आहे. मला त्यात चुना दिसायला लागला. मी डबा वेगळा केला. पाणी अंगावर घेण्यापेक्षा हे घाण आहे, आणि ते मी केलं.

त्याच वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले होते. वय पंचेचाळीस. विज्ञानात एकदा आपटलेली. दुपारच्या सुट्टीत भट्टीच्या सावलीत पुस्तक उघडायचे, बाया चिडवायच्या, "कलेक्टरीणबाई, आमच्या चहाचं पहा आता!"

आणि एका पानावर माझी भट्टीच निघाली. चुनखडी तापवली की चुना उरतो आणि एक वायू उडून जातो. खाली वजनं. कॅल्शियम चाळीस, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, तो तीनदा. बेरीज शंभर. मागं चुना उरला चाळीस आणि सोळा, छप्पन. उरलेले चव्वेचाळीस वायू होऊन धुराड्यातून वर.

मी कोळशानं भिंतीवर गणित केलं. शंभराला छप्पन. दहा टनाला पाच टन सहाशे किलो. तीनदा केलं. आमची भट्टी तर पावणेसहा टन देत होती, कारण दगडात थोडी माती असते आणि ती उडत नाही. कोणी काही नेत नव्हतं. रोज आमच्या डोळ्यांदेखत आकाशात जात होतं.

मी शेवंताला भिंतीपाशी नेलं. सगळं सांगितलं. डब्याचंही.

"मले मालूम होतं तू माह्या पोटाकडं पाहून राह्यली," ती म्हणाली. "आता त्या शेठले दाखव. भिंत नाही. दगड दाखव."

दगड दाखवायचा म्हटल्यावर मला चेव आला. दहा किलोचा एक दगड ऑफिसच्याच काट्यावर, सगळ्यांसमोर तोलला. जाड तारेनं बांधला. भट्टीत सोडला. तिसऱ्या दिवशी तो खालून निघाला. तोच आकार, तीच तार. हातात घेतला तर पोकळ वाटावा असा हलका. काट्यावर पाच किलो आठशे. बायांनी शिट्ट्या मारल्या!

तो दगड घमेल्यात घालून मी शेठच्या टेबलावर ठेवला. दारात दहाजणी. मी सगळं गणित तोंडपाठ म्हणून दाखवलं.

शेठ हसला. अगदी प्रेमळ.

"बाई, मी बीएस्सी आहे. केमिस्ट्री. हे मला तू भट्टीवर यायच्या आधीपासून माहीत आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मंग पाणी कायले टाकता?"

"सवय लागते. माणूस वाकून राहतो."

याला माहीत होतं. हा रोज छप्पन मोजून घेत होता आणि चव्वेचाळिसासाठी आमचे पदर भिजवत होता. अडाणी असता तर मी त्याला शिकवलं असतं.

टेबलावर त्याच्या पिण्याच्या पाण्याचा जग होता. मी तो उचलला आणि घमेल्यात ओतला.

दोन क्षण काहीच नाही. मग दगड तडकला, फसफसला, वाफेचा लोट थेट छताला. शेठ खुर्चीसकट भिंतीला चिकटला.

"शेठ, उकळलं पहा," मी म्हटलं. "चोर सापडला. तुमच्याच टेबलावर."

त्या संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, "पदर पुढं घे." मी पदर कमरेला खोचला आणि त्याच्या अगदी जवळून चालत गेटबाहेर गेले. माझ्या मागून शेवंता. बाकीच्या नऊजणी थांबल्या. त्यांच्यावर पाणी पडलं.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. शेवंतामागं अख्खा तांडा आहे, म्हणून तिला काढायला त्यांना अजून धीर झालेला नाही.

आता मी वणीच्या बाजारात भाजी विकते. पाचला दुकान झाकते आणि साडेपाचला भट्टीच्या गेटसमोर रस्त्यापलीकडं उभी राहते. ओळीतल्या एकेकीला हाक मारून सांगते, शंभरातले चव्वेचाळीस कुठं जातात. सुपरवायझर शिव्या देतो. मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं आकडे म्हणते. आज न थांबता बाहेर येणाऱ्या सहाजणी आहेत. चार अजून पदर पुढं घेतात.

त्या चौघींपैकी शेवटचीचा पदर कोरडा निघेपर्यंत मी तिथून हलणार नाही.