न उघडताच मदरबोर्ड मेला म्हणे!

बायांनो, जवाहर चौकातून आल्यापासून माझं डोकं नुसतं तापलंय.

माझी नात रेवा कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते. सकाळी तिने त्यात नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळी ती काळीच. तीन वाजेपर्यंत कॉलेजात द्यायचा नकाशा आतच अडकला. पोर रडकुंडीला आली.

कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून चौकातल्या दुकानात नेला. दुकानदाराने बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. लगेच म्हणतो, "मदरबोर्ड गया अम्मा, नया डलेगा."

"भैया, खोलके देखा?"

"आप नहीं समझोगी, अम्मा."

चौथी शिकलेय, पण वांगंसुद्धा चिरल्याशिवाय मी किडकं म्हणत नाही! काउंटरपासून हललेच नाही. "पहले खोलो!"

चिडत चिडत त्याने कार्ड उपसलं. खालच्या खाचेत काय? कुंकवाचा तांदूळ.

रेवा माझ्याकडे वळली. "आजी, अक्षता?"

हो, माझ्याच. जुनं कार्ड काढून ती हात धुवायला गेली, तेवढ्यात मी उघड्या डब्याची पूजा उरकली. नवीन वस्तू येणार, अक्षता नकोत?

दाणा काढून कार्ड नीट बसवलं आणि स्क्रीन लागली. नकाशा वेळेत गेला. रेवा अजून हसतेय, मलाही बरं वाटतंय.

चूक माझी, कबूल. पण न उघडताच मेला म्हणणाऱ्याचं काय? तुम्ही असता तर उघडायला लावलं असतं, की गुपचूप नवीन घेतला असता?