बाभळीचा ठोकळा

साल एकोणीसशे बहात्तर. मी एकतीस वर्षांचा होतो. पुढं जे लिहितोय ते बायकोला कधी सांगितलं नाही, ती गेली. पोरांना सांगितलं नाही, त्यांना वाटतं आपला बाप सरळ माणूस. सरळ! हा शब्द माझ्याबद्दल कुणी काढला की अंगाचा नुसता भडका होतो.

दुष्काळ होता. सोनईच्या पुढं पाझर तलावाचं काम निघालं होतं, पाच-सहा गावचं माणूस तिथं माती उचलत होतं. एका संस्थेची दवाखान्याची गाडी तिथं मुक्कामाला असायची, मी तिचा ड्रायव्हर. जुन्या बसची बाकडी काढून आत घर केलेलं — पुढं दवाखाना, मागं डॉक्टरीणबाईंची खाट, स्टोव्ह, भांड्यांची फळी, टपावर पाण्याची टाकी. बाई महिना महिना त्या गाडीतच राहायच्या.

असली गाडी नुसती उभी करून भागत नाही. जरा कलली की पातेलं घसरतं, नळाला पाणी येत नाही, निजावं तर रक्त डोक्यात उतरतं. माझी रीत ठरलेली होती. आत मधोमध पितळी ताट ठेवायचं, काठोकाठ पाणी भरायचं. ज्या बाजूनं सांडेल ती बाजू खाली. तिकडचं चाक फळ्यांवर चढवायचं, हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. आणि अगदी शेवटी जॅक — गाडी डुलू नये म्हणून टेकवायचा, तेवढाच. त्यानं गाडी उचलून ठेवायची नाही, चाक भुई सोडता कामा नये. ज्या मेस्त्रीनं मला शिकवलं त्यानं हे टपल्या मारमारून डोक्यात घातलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ध्यानात ठेवा.

त्या खेपेला जागा उताराची मिळाली. मागची डावी बाजू वीतभर खाली. फळ्या टपावर बांधलेल्या — कोण चढून सोडणार? आणि भोवती बघायला माणसं जमलेली. मला चेव आला. एक चपटा दगड ठेवला, वर जॅक लावला, आणि दांडा मारत मारत मागचं चाक पार अधांतरी केलं. ताटातलं पाणी लेव्हलला आलं. कुणीतरी म्हणालं, "वा रं डायवर!" त्यासाठी केलं मी हे. त्या तीन शब्दांसाठी!

रांग लावायला नि पाणी भरायला बाईंनी कामावरचाच एक माणूस घेतला होता. किसन. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, बौद्धवस्तीतला. कुणापुढं वाकून बोलायचा नाही. मला 'डायवर' म्हणायचा, 'साहेब' नाही. मला ते खुपायचं. का खुपावं? मी कुठला साहेब लागून गेलो होतो — तिसरी नापास!

चौथ्या दिवशी तो एक ठोकळा घेऊन आला. बाभळीचा, चांगला रुंद, स्वतः तासलेला. कामावर वस्तू पळवतात म्हणून कडेला खिळ्यानं नाव कोरलेलं — किसन. तीन अक्षरं, ठसठशीत. माझ्या अक्षरापेक्षा चांगली.

"डायवर, हात धुयाच्या नळीचं पानी तुमच्या जॅकाच्या बुडाशी मुरतंय. काळी माती हाय ही. वरून दगडावानी, पन वली झाली की लोनी. ह्यो घाला खाली. न्हाईतर चाक फळीवर घ्या."

"तुला कुणी इचारलं? तुझी रांग सांभाळ."

"गाडी तुमची हाय. पन आत बाई ऱ्हात्यात."

मी ठोकळा हिसकावला आणि माझ्या सीटखाली फेकून दिला. तो बरोबर बोलत होता. मला तेव्हाच कळलं होतं — कळलं म्हणूनच तर पेटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्टोव्हवर सुया उकळत होत्या. खालचा दगड रुतला, जॅक तिरका झाला आणि गाडी धाडकन बसली. उकळतं पाणी बाईंच्या उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. ती किंकाळी अजून कानात आहे.

मुकादम धावत आला. "कुनी केलं ह्ये?"

इथं माझा हात थांबला. उठून पाणी पिऊन आलो. लिहितो — मी म्हणालो, "किसननं. चाकामागचा दगड काढला त्यानं, बसायला."

चाकामागचा दगड जागेवरच होता! कुणी वाकून बघितलं असतं तर दिसला असता. एकानंही बघितलं नाही. माझं खरं मानायला त्यांना पुरावा लागला नाही, आणि त्याचं खोटं मानायलाही. माझा राग त्या सगळ्यांवर आहे — पण त्यांच्या डोळ्यांवर ती पट्टी आहे हे ओळखूनच मी बोललो ना?

किसन म्हणाला, "म्या दगडाला हात न्हाई लावला. डायवरला इचारा, ठोकळा कुटंय."

"कसला ठोकळा रं?" मुकादमानं मला विचारलं.

"मला काय ठावं."

"लई ताठ झाला हुता," मुकादम म्हणाला, आणि मस्टरवरनं त्याचं नाव मारलं. त्याच्या बायकोचंही मारलं. त्या सालात मस्टरवरनं नाव जाणं म्हणजे चूल बंद. ऊन उतरायच्या आत दोघं गाठोडं घेऊन रस्त्याला लागली. जाताना तो गाडीजवळ थांबला. शिवी देईल असं वाटलं. त्यानं ती नळी वाकवून पाण्याचं तोंड पलीकडं केलं, आणि गेला.

त्याचं गाव तिथनं चार कोसांवर. पन्नास वर्षांत मी गेलो नाही. पाय धड होते, सायकल होती, पुढं मोटारसायकलही आली. गेलो नाही. आणि आजही गावात कुणाची चक्की बसवायची असली की मला बोलावतात — म्हातारबाबांचा हात लेव्हलला पक्का! मी जातो. निर्लज्जासारखा जातो, वर ताट मागतो, पाणी मागतो.

किसन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपावरच्या फळ्या सोडल्या. चाक फळ्यांवर घेतलं, मागून-पुढून दगड लावले. सीटखालचा ठोकळा काढला. सुताराकडून वाकस मागून आणला आणि त्या कडेचं नाव तासून काढलं. ठोकळा जॅकखाली घातला — चपखल बसला. ताट ठेवलं, पाणी भरलं. थेंब सांडला नाही. मग नावाच्या त्या ढलप्या गोळा केल्या, तीन दगड मांडून त्या पेटवल्या, त्या जाळावर चहा केला, आणि बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो डाव्या हातानं घेतला.