पहिल्या तारखेचा शब्द

ऐंशीच्या दशकात गंगाखेडला पुराची खबर घेणाऱ्या वायरलेस सेटवर मी बसायचो. वरच्या अंगाला, सोनपेठकडे, नदीकाठच्या एका खोलीत दुसरा सेट होता. तो चालवणाऱ्या वयस्कर माणसाला मी मामा म्हणायचो. दोन वर्षांत आमची गाठ पडली नव्हती, पण बोलण्याआधीचं त्यांचं खाकरणं मी झोपेतही ओळखलं असतं.

तरी रोज ओळख विचारावी लागे. महिनाभराच्या शब्दांचा कागद दोघांनाही बंद पाकिटातून एसटीनं यायचा, दर तारखेला एक शब्द. शब्द चुकला तर समोरच्याचं काही ऐकायचं नाही. मला हा पोरखेळ वाटे. पण त्या पावसाळ्यात कुणीतरी मामांचा आवाज काढून लोंढा आल्याची थाप मारली, आणि मी शब्द न विचारताच अर्धं गाव हलवलं. माझी पार शोभा झाली. तेव्हापासून मी नियम घट्ट धरून बसलो.

पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी सेट खरखरला. मामा खाकरले.

"भाऊ, खोलीभोवती पानी चढायलंय. होडी धाडा."

"आजचा शब्द?"

"पळस."

तो कालचा होता. "चुकला," मी म्हणालो.

"नवा कागद आलाच न्हाई, भाऊ. तीन दिसापासून एसटी बंद हाय. माजा आवाज वळखता ना तुमी?"

ओळखत होतो. पण मागच्या वेळीही ओळखलाच होता. मी मेल्या हट्टानं पुन्हा शब्द विचारला. मग नुसती खरखर उरली.

तासाभरानं स्टँडवर जाऊन आलो. सोनपेठची गाडी खरंच तीन दिवस बंद होती. साहेबांचे पाय धरून होडी पाठवली. होडीवाल्यांना खोली दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी मी सेट लावला. तेच खाकरणं ऐकू आलं.

"सुतळी," मी न विचारताच मामा म्हणाले.

कागदावर दोन तारखेपुढं सुतळीच होतं. तो कागद माझ्या कुलपात होता.

"बोला मामा, कुठं आहात?"

"आता काय बोलायचं, भाऊ. शबुद बरूबर हाय ना?"

तिसऱ्या दिवशी आमच्याच घाटाला एक माणूस लागला. ओळख पटवायला मला बोलावलं. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, मला सांगता येईना. शेवटी खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मागच्या महिन्याचा शब्दांचा कागद निघाला. तेवढी ओळख सगळ्यांना पुरली.