टेपताईंची प्रश्नमंजूषा

दूध उतू जायच्या बेतात, नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधतोय, सासूबाई "या घरात वस्तूंना पाय फुटतात" म्हणतायत, आणि तेवढ्यात दारावर धाडधाड थाप.

"वहिनी, मेले मी!"

दारात टेपताई. समोरच्या घरात कपडे शिवतात. गळ्यातली मोजपट्टी झोपेतही काढत नसाव्यात, म्हणून हे नाव. बोलणं कमी, कारण तोंडात कायम टाचण्या.

भानगड अशी, की संध्याकाळी त्यांच्याकडे सगळं सासर जमणार. दरवेळी जाऊ गाते, नणंद नकला करते आणि ह्या ताटं उचलतात. यंदा तोंडातून निघून गेलं, "मी प्रश्नमंजूषा घेते." जाऊ हसली, "तू? टाचण्या कोण धरणार मग?" आता माघार घेतली तर जन्माचं हसं!

"ऐका तरी," त्यांनी चिठ्ठी उलगडली. "जगातली सर्वांत उंच इमारत कोणती?"

नवऱ्याने जांभई दिली. सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, माझी शाळा कधीच सुटली."

टेपताईंचा चेहराच पडला. मी गॅस बंद करत म्हटलं, "इमारती कशाला? सगळ्यांचे कपडे तुम्हीच शिवता ना? मग रोज दिसतं, पण कोणाच्या लक्षात येत नाही, असं विचारा. उत्तर मात्र तिथल्या तिथे तपासता आलं पाहिजे."

त्यांचे डोळे लकाकले.

"या घरात कोणाचा एक खांदा खाली झुकलाय?"

"आईचा!" नवरा ठामपणे म्हणाला.

"माझा? आधी आरसा बघ!" सासूबाई ताडकन उठल्या. आम्ही तिघंही आरशापुढे ताठ! टेपताईंनी मोजपट्टी सर्रकन ओढली. झुकलेला निघाला नवऱ्याचाच.

"ऑफिसची बॅग!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "पुढचा विचार गं, लवकर!"

"माप देताना पोट आत कोण ओढतं?"

आम्ही वळून पाहिलं, तर नवऱ्याने ते ओढलेलंच होतं. हसून हसून पुरेवाट झाली. मोज्याची आठवणही कोणाला राहिली नाही.

टेपताई जवळजवळ पळतच निघाल्या, पण उंबरठ्यावर थबकल्या.

"भाऊजी चुकले म्हणून रंगलं हो. नाहीतर तुमच्या सासूबाई उठल्याच नसत्या." त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, एकच मागते. संध्याकाळी या, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने, चुकीचं द्या."